नावडतीची बाग

“काय देऊ काकू? फुलझाड पाहिजे की शोभेचं?” बेळगावातल्या एका रोपवाटिकेतल्या मुलाने विचारले आणि मी फारसा विचार न करता उत्तर दिले, “हरणं खात नाहीत असं काहीही दे.” मे महिना सरत आला होता. आदल्या दिवशी वळीव होऊन गेला होता, काळ्या पिशव्यांतल्या मातीला अजून ओल होती आणि हिरव्या जाळीखाली शेणखताचा, मोगऱ्याचा आणि तापलेल्या प्लॅस्टिकचा एकत्र वास कोंडला होता. माझ्या शेजारी गुलाबाची कलमे निवडत असलेल्या बाईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिले. मुलगा मात्र गोंधळला नाही. त्याने एका कोपऱ्याकडे हात केला आणि म्हणाला, “तिकडची कुठलीही घ्या. बकरी तोंड लावत नाही त्यांना.” मी काही रोपे घेऊन घरी निघाले, पण जांबोटीच्या रस्त्याला गाडी लागली तरी माझे स्वतःचेच उत्तर मला टोचत राहिले. आजवर मी झाड मागितले ते कुणाच्या तरी आवडीसाठी. सासूबाईंना देवासाठी लाल जास्वंद हवी असे, मुलीला वेणीसाठी अबोली हवी असे, आणि रात्री दार उघडताच वास यावा म्हणून रातराणी माझी मला हवी होती. त्या दिवशी मी प्रथमच कुणाच्या तरी नावडीसाठी झाड मागितले, आणि ज्याची नावड मी विचारात घेतली होती तो प्राणी मला मनापासून आवडतो.

हे कसे जुळवायचे, ते मला अजून उमगलेले नाही.

आमचे घर खानापूर तालुक्याच्या पश्चिम अंगाला, भाताची खाचरे संपून रान सुरू होते त्या पट्ट्यात आहे. घरामागे परडे, परड्यामागे गडग्याची जुनी भिंत, तिच्यापलीकडे काजूची लागवड आणि मग चढण. भीमगड अभयारण्याची अधिसूचना 2011 साली निघाली आणि कागदावर एक रेघ ओढली गेली, परंतु ती रेघ हरणांना ठाऊक असण्याचे काही कारण नाही. त्यांच्या दृष्टीने आमचे परडे हे उताराला लागलेले, उन्हाळ्यातही ओले राहणारे रानच आहे. भेकर एकटे येते, पहाटे किंवा तिन्हीसांजेला. त्याचे ते भुंकणे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला कुत्र्याचेच वाटते. चितळ येतात ते कळपाने, आणि त्यांच्या अंगावरचे ठिपके झाडाखालच्या उन्हाच्या कवडशांत इतके मिसळून जातात, की एखादी शेपटी हलेपर्यंत आपल्यासमोर काही उभे आहे हे लक्षातच येत नाही. सांबर रात्री येते आणि सकाळी फक्त त्याचे काम दिसते. गव्यांविषयी मी येथे लिहीत नाही. गवा परड्यात शिरला तर कोणते झाड त्याला आवडते हा प्रश्न गौण ठरतो.

कोण येऊन गेले हे झाडाकडे पाहून सांगण्याची विद्या मला सासूबाईंनी शिकवली. हरणाच्या वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. तेथे हिरडीचा एक कठीण पट्टा असतो. खालचे दात आणि हा पट्टा यांच्यामध्ये पाला धरून ते मान झटकते, त्यामुळे पाला कापला न जाता ओरबाडला जातो आणि देठाशी तंतू लोंबत असलेली फाटकी कड मागे राहते. सशाचा काप तिरका व स्वच्छ असतो. गोगलगाय पानाच्या मधोमध भोके पाडते आणि मागे चकाकणारी रेघ ठेवून जाते. उंचीही बोलते. भेकराचे खाणे मांडीच्या खाली, चितळाचे छातीपर्यंत, आणि माणसाच्या डोक्याच्या वरची फांदी ओरबाडलेली असेल तर सांबर मागच्या पायांवर उभे राहिले होते असे समजावे. हे सारे सासूबाई पदर खोचून, वाकून, फांदी दोन बोटांत धरून सांगत, आणि शेवटी “खाऊन गेलं बघ माझं लेकरू” असे म्हणत. त्यात किती राग होता आणि किती माया, हे मला कधीही ठरवता आले नाही. जास्वंदीची कळी गेल्याचे दुःख त्यांना खरोखर असे, कारण गणपतीला त्या दिवशी नुसत्या दूर्वांवर भागवावे लागे.

जास्वंद हे हरणांचे पहिले प्रेम. तिच्या कोवळ्या पाल्याला वास नाही, चीक नाही, लव नाही. चघळले तर किंचित बुळबुळीत आणि गोडसर लागते. त्यानंतर गुलाब. गुलाबाला काटे असतात म्हणून तो सुरक्षित असेल असे वाटते, पण हरणाचे तोंड निमुळते आणि ओठ फार हुशार असतात. काट्यांच्या मधून ते नेमका नवा लालसर फुटवा उचलते. घेवड्याचा वेल, रताळ्याचा पाला, पपईचे रोप आणि आंब्याच्या कलमाची तांबूस पालवी, या सगळ्यांचा हरणांपुढे निभाव लागत नाही. बेळगाव आणि खानापूरकडच्या लाल मातीत रताळी किती पिकतात हे वाचकांना सांगायला नको. रानडुकराला त्यातले कंद हवे असतात, हरणाला वरचा पाला, आणि शेतकऱ्याला राहते ती राखणीच्या माळ्यावरची रात्र. आमचे नुकसान त्या मानाने चैनीचे आहे. आमचे फूल गेले तर पूजा थोडक्यात होते. बांधापलीकडच्या माणसाचे भात गेले तर त्याचे वर्ष जाते. बागेतल्या हरणांविषयी लिहिताना ही लाज मनाशी असलेली बरी.

न्यू जर्सीत राहणाऱ्या आमच्या पुतण्याला मी हे फोनवर सांगितले तेव्हा तो मोठ्याने हसला. त्याच्याकडेही तेच चालले होते. तिथली हरणे पांढऱ्या शेपटीची, दिवसाढवळ्या वस्तीतून फिरणारी, आणि त्यांच्यापायी लोक इतके जेरीला आलेले, की रटगर्स विद्यापीठाने बागेतल्या शेकडो झाडांची हरणांच्या आवडीनिवडीप्रमाणे यादीच करून ठेवली आहे. त्याने ती मला पाठवली. तिच्यात चार वर्ग आहेत: क्वचितच नुकसान होणारी झाडे, सहसा मोठे नुकसान न होणारी, अधूनमधून मोठे नुकसान होणारी आणि वारंवार मोठे नुकसान होणारी. मी ती वरून खाली आणि खालून वर वाचली. ‘कधीच खाल्ली न जाणारी’ असा पाचवा वर्ग तिच्यात नाही, आणि यादी करणाऱ्यांचा हा प्रामाणिकपणा मला फार आवडला. यादीतली झाडे मात्र आमच्या उपयोगाची नव्हती. डॅफोडिलच्या कंदाला कडक हिवाळा लागतो, आणि लव्हेंडर लावले तर कणकुंबीकडून येणाऱ्या आषाढाच्या झडीत ते श्रावण पाहायला उरणार नाही. पण झाडांची नावे बाजूला ठेवून त्या नावडीमागची कारणे पाहू लागले, तेव्हा ती यादी ओळखीची वाटू लागली. उग्र वास, पांढरा चीक, विष, खरबरीत किंवा लवदार पान, काटा. शहापूरच्या आमच्या माहेरच्या गल्लीत एका विणकराच्या घरी बकरी होती, आणि ती सुटली की काय वाचणार व काय जाणार हे गल्लीतल्या प्रत्येक पोराला ठाऊक असे. तुळस बहुधा वाचे, अडुळसा वाचे, रुई आणि धोतरा तर वाचतच. रोपवाटिकेतल्या मुलाची परीक्षा हीच होती आणि ती बरीचशी खरी आहे. इतकेच, की बकरीचे पोट हरणापेक्षा निर्ढावलेले असते, म्हणून बकरीने सोडलेले हरीण बहुधा सोडते, पण हरणाने सोडलेले बकरी सोडेलच असे नाही.

वासाची झाडे मला या सगळ्यांत अधिक जवळची. तुळस, मरवा, पुदिना, गवती चहा, पानओवा, चैत्रात ज्योतिबाला वाहतात तो दवणा, आणि पाणंदीच्या कडेला कुणीही न लावता उगवणारी निरगुडी. हरीण रवंथ करणारे जनावर आहे. त्याचे अन्न आधी पोटातले सूक्ष्मजीव कुजवतात आणि मग ते त्याच्या अंगी लागते. उग्र वासाची तेले या सूक्ष्मजीवांना बाधतात, आणि म्हणून हरीण अशा पाल्यापासून लांब राहते असे मानले जाते. तुरटपणाचे मात्र तसे नाही. पाला खाणाऱ्या हरणांच्या लाळेतच तुरट द्रव्यांना बांधून ठेवणारी प्रथिने असतात, त्यामुळे आंब्याची तुरट पालवी त्यांना अडवू शकत नाही. मी गडग्याच्या आतल्या बाजूने गवती चहाची रांग लावली तेव्हा माझ्या मनात थोडा स्वार्थही होता. संध्याकाळी तिच्याजवळून जाताना लुगडे घासले तरी वास सुटतो, आणि पावसाळ्यात आल्याबरोबर ती पाती उकळणाऱ्या चहात पडली की घरभर दरवळ पसरतो. हळदही मी याच विचाराने वाढवली. तिच्या रुंद पानांत नागपंचमीच्या पातोळ्या उकडतात, त्या पानांना हरीण सहसा हात लावत नाही, आणि पुढे थंडीत ती पिवळी पडून आपण होऊन आडवी होतात.

चिकाची झाडे सासूबाईंची. तगर, पांढरा चाफा, कण्हेर, दारातली रुई. त्यांनी ती हरणांसाठी लावली नव्हती, देवांसाठी लावली होती. शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ, सोमवारी शंकराला कण्हेर आणि धोतरा, रोजच्या परडीला तगर. पण देवघराच्या गरजेतून उभी राहिलेली ही फुलझाडे हरणांनी जवळजवळ तशीच ठेवली, आणि जास्वंदीचा खुंट झाला तरी तगर मात्र पांढऱ्या चक्रांनी भरलेली राही. या झाडांचे संरक्षण कशात आहे हे विसरून चालत नाही. कण्हेरीचे पान, फूल, साल, बी, सगळेच विषारी. तिच्यातली द्रव्ये थेट हृदयावर काम करतात. धोतऱ्याने माणूस भ्रमिष्ट होतो. सदाफुली, जी आमच्याकडे दगडाच्या फटीतही फुलते, तिच्यातल्या विषारी द्रव्यांतूनच विनक्रिस्टीन आणि विनब्लास्टीन ही रक्ताच्या व इतर कर्करोगांवरची औषधे मिळाली. हरीण ज्याला नाक मुरडते ते माणसाने बाटलीत भरले, असेही म्हणता येईल. घरात रांगते मूल किंवा दारात सुटी वासरे असतील तर मी कण्हेर लावा असे कुणालाही सांगणार नाही. आणि ‘कोणी खात नाही’ हेही खरे नव्हे. रुईच्या पानाखाली पांढऱ्या, काळ्या आणि पिवळ्या पट्ट्यांच्या अळ्या मजेत पाने कुरतडत असतात. तो विखारी चीक स्वतःच्या अंगी मुरवून त्यांतून बिबळ्या कडवा फुलपाखरू बाहेर पडते, आणि त्या चवीपायी पाखरे पुढे त्याच्या वाटेला जात नाहीत.

आता फवाऱ्यांविषयी थोडेसे. कुजवलेल्या अंड्याचे पाणी, कडुनिंबाचे तेल, झाडाला बांधलेली साबणाची वडी, न्हाव्याकडून आणलेले केस, हे सारे उपाय कोणी ना कोणी मला सांगितले आहेत. उन्हाळ्यात काही काळ त्यांचा गुण येतो, मग हरणांना त्याची सवय होते, आणि पहिल्या झोडपत्या पावसात उरलेसुरले धुऊन जाते. अंड्याच्या पाण्याने हरणाआधी आमचीच जेवणे बंद पाडली, एवढे नमूद करून हा विषय सोडते.

वनखात्यातले एक वनरक्षक कधीकधी पाणी प्यायला आमच्या पडवीत टेकतात. मूळचे ते धारवाडकडचे. आमच्याशी मराठीत सुरुवात करतात आणि विषय रानाचा निघाला की आपसूक कानडीत जातात. मी मोठ्या उत्साहाने माझी यादी त्यांना वाचून दाखवली. त्यांनी तांब्या खाली ठेवला, तोंड पुसले आणि म्हणाले, “अक्का, हसिवाद्र एल्ला तिंताव री.” भूक लागली की सगळे खातात. मग त्यांनी मला जे सांगितले ते कुठल्याही यादीत इतक्या स्पष्टपणे लिहिलेले नव्हते. चितळ हे मुळात गवतावर जगणारे जनावर आहे. पावसाळ्यात कोवळे गवत असताना ते तुमच्या बागेकडे ढुंकूनही पाहत नाही. फाल्गुनात गवत वाळते, मग ते पाला, गळलेली फुले आणि फळे यांवर दिवस काढते, वानरांच्या झाडाखाली उभे राहून वरून पडलेले वेचते. चैत्र-वैशाखात डोंगर तांबडा झालेला असतो आणि सगळ्या उतारावर हिरवे असते ते केवळ नळीने पाणी घातलेले आपले परडे. त्यातही रोपवाटिकेतून आलेले, खतावर पोसलेले, रसाळ रोप आधी जाते, मग ते कुठल्याही जातीचे असो. पाडसाला तर अजून काही ठाऊकच नसते. ते प्रत्येक पान एकदा तोंडात घालून पाहते आणि नको ते टाकून देते. आपले रोप त्या शिक्षणात गेलेले असते. शिंगांवरची लव झडायची वेळ आली की नर कोवळ्या खोडांवर शिंगे घासतात आणि साल सोलून काढतात. तिथे पाला कडू असल्याचा काहीही उपयोग नाही. आमच्या एका चाफ्याची साल अशीच गेली आणि त्याच्या जखमेतून कित्येक दिवस पांढरा चीक ठिबकत राहिला.

त्यांचे बोलणे ऐकल्यावर मी यादीकडे निराळ्या नजरेने पाहू लागले. पण खरा धक्का बसला तो पावसाच्या तोंडावर गडग्यापलीकडे, काजूच्या वरच्या चढणीला गेले तेव्हा. लग्न होऊन आले त्या काळी तिथे खुरटी झुडपे होती, करवंदांच्या जाळ्या होत्या आणि त्यांच्यामधून गवताच्या मोकळ्या पट्ट्या होत्या. गवळी-धनगरांची म्हसरे तिथे चरत. आता दोन्ही बाजूंनी घाणेरी, म्हणजे लँटाना. कमरेएवढी, काही ठिकाणी डोक्याच्या वर, एकमेकींत गुंतलेली, गुलाबी-पिवळ्या गुच्छांनी भरलेली. जिथे ती नव्हती तिथे रानमोडी होती. पान चुरगळले की तोच उग्र वास, जो मी माझ्या परड्यात निवडून-निवडून आणत होते. पान उलटे करून बोट फिरवले तर तोच खरबरीतपणा. हरणे दोन्हींना सहसा तोंड लावत नाहीत. घाणेरीत लँटाडीन नावाचे विष असते. भुकेपोटी गुराने ती खाल्ली तर त्याचे यकृत बिघडते, कावीळ होते आणि उन्हाने कातडी सोलवटते. म्हणजे तेथे चढणीवर, कुणी रोपवाटिकेत न जाता, माझ्या यादीतल्या सगळ्या अटी पुऱ्या करणारी बाग लागली होती, आणि ती डोंगराच्या टोकापर्यंत गेली होती. हरणांना नकोसे असलेले तेवढेच उरले, वाढले, आणि हवे होते ते गवत त्याच्याखाली गुदमरले. आमच्या जास्वंदीपर्यंतची हरणांची वाट तिथूनच सुरू होत होती.

आणि घाणेरी काही रानातून आलेली नाही. ती बागेतूनच रानात गेली.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ही झुडपे दक्षिण आणि मध्य अमेरिकेच्या मुलखातून शोभेसाठी व कुंपणासाठी कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आणली गेली. फुले देखणी, निगा लागत नाही, गुरे खात नाहीत. तेव्हाच्या कुणा माळ्याने नेमकी हीच कारणे सांगितली असतील. काळी फळे बुलबुलांना आवडतात, बी पोटातून जाते आणि दुसऱ्या डोंगरावर पडते. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारतातील वाघांचा वावर असलेल्या जंगलांपैकी 40 टक्क्यांहून अधिक क्षेत्रात घाणेरी पोहोचल्याचे म्हटले होते. रोपवाटिकेतल्या त्या कोपऱ्यात मला तिच्याच घराण्यातली, बुटकी, पिवळ्याधमक फुलांची शोभेची जात दाखवली गेली होती. “ही तर हरीण काय, हत्तीपण खाणार नाही” असे तो मुलगा म्हणाला होता. रंग आवडला नाही एवढ्याच कारणासाठी मी ती घेतली नाही. चढणीवर उभी असताना मला त्या योगायोगाची भीती वाटली.

त्यानंतर झाड निवडताना माझा पहिला प्रश्न बदलला. हरीण ते खाते का, हे मी अजूनही विचारते. पण त्याआधी ते झाड गडगा ओलांडून पळेल का, हे विचारते. ज्याला कोणी खात नाही आणि ज्याचे बी पाखरे किंवा वारा दूर नेतो असे परदेशी झाड रानाच्या काठावर लावणे हे मला आता शेजाऱ्याच्या विहिरीत काही टाकण्यासारखे वाटते. कुंपणाला करवंद लावली. तिला काटा आहे, चीक आहे, ती इथलीच आहे, आणि मे महिन्यात तिची फळे आम्हालाही मिळतात, पाखरांनाही. आतल्या ओळीत निरगुडी आणि अडुळसा. ओलसर कोपऱ्यात सोनटक्का, ज्याची पांढरी फुले संध्याकाळी उमलतात आणि ज्याचे कंद हळद-आल्याच्या कुळातले आहेत. पायरीपाशी स्पायडर लिली; डॅफोडिलमधले विषारी द्रव्य तिच्याही कुळात आहे, तेव्हा पुतण्याची यादी अगदीच वाया गेली नाही. झेंडूविषयी लोक छातीठोकपणे सांगतात की त्याच्या वासाने हरणे येत नाहीत. आमच्याकडे पाने राहिली आणि दसऱ्याच्या आधी फुले गेली. ज्याने त्याने आपल्या परड्यात पाहून ठरवावे.

जास्वंद आणि गुलाब घराच्या कुशीत आले, पडवीला लागून, खानापूरच्या कुंभारांकडच्या मोठ्या मातीच्या कुंड्यांत. माणसांच्या वावराची, चुलीच्या धुराची आणि रात्री जळणाऱ्या दिव्याची जागा हरीण सहसा टाळते. हा उपाय कुठल्याही फवाऱ्यापेक्षा टिकाऊ ठरला आहे. उंच जाळी घालावी असा सल्ला पुतण्याने दिला. त्यांच्याकडे आठ फुटांची लावतात म्हणे, कारण त्याहून कमी उंचीची हरीण उडी मारून पार करते. आमच्या सगळ्या परड्याला तेवढी जाळी घालण्याचा खर्च परवडत नाही, आणि खरे सांगायचे तर तुरुंगात बसून मोगरा हुंगायची माझी तयारी नाही. फक्त आंब्याच्या कलमांभोवती, आणि साल सोललेल्या चाफ्याभोवती, बांबूच्या कामट्यांचे कूड उभे केले आहे.

कोणी विचारते, की एवढी माया आहे तर हरणांसाठी पलीकडे थोडा पाला टाकत जा, फणसाचे चार गरे ठेवत जा. हा मोह मलाही झाला आहे. परंतु खायला मिळते म्हणून हरणे वस्तीजवळ रेंगाळू लागली, की त्यांच्या मागोमाग गावातली मोकाट कुत्री लागतात, आणि चितळाच्या पाडसाला वाघापेक्षा अशा टोळीकडून अधिक वाईट मरण येते. बिबट्याही मग वाट शिकतो. म्हणून परड्यातली नावडती झाडे ही मला आता हरणाशी केलेली दुष्टाई वाटत नाही. ‘इथे तुझ्याजोगं काही नाही, वर जा’ असे सांगण्याची ती एक बरी रीत आहे. अडचण एवढीच, की वर गेल्यावर त्याला काही मिळाले पाहिजे.

म्हणून गेल्या हंगामात आम्ही आमच्या मालकीच्या पट्ट्यातली, काजूच्या वरची घाणेरी काढायला घेतली. ती नुसती तोडली तर दुप्पट फुटते. कुदळीने खोडाभोवतीची माती बाजूला करायची, जमिनीच्या जरा खाली, जिथून फुटवे येतात त्या गाठीच्याही खाली मुळावर घाव घालायचा आणि झुडूप तिथेच मुळे वर करून उलटे टाकायचे. हे सगळे फळे पिकण्याआधी. हातांना ओरखडे, अंगाला तो वास, आणि दिवसअखेर मोकळी झालेली जागा इतकी लहान, की सासूबाई पडवीतून हसल्या. मोकळ्या झालेल्या जागी पावसाआधी डोंगरातल्याच गवताचे बी फोकले आणि ते उगवले. घाणेरीही उगवली, तिची पोरे बोटभर उंच असतानाच उपटावी लागतात, आणि हे काम आणखी काही पावसाळे चालणार हे आता दिसते आहे.

बांधापलीकडच्या काकांना हे मान्य नाही. त्यांचे म्हणणे असे, की घाणेरीची ती दाट भिंत होती म्हणून हरणे आणि डुकरे एकदोन ठरावीक वाटांनीच खाली येत, आणि त्या वाटांवर राखण करता येत असे. तुम्ही भिंत काढली, गवत लावले, आता जनावर कुठूनही उतरेल आणि आधी माझ्या भातात जाईल. मी त्यांना सांगितले, की डुकरांना लपायला जागा त्याच जाळीने दिली आहे. ते म्हणाले, “ते तुमचं फुलाचं गणित आहे, वहिनी. माझं भाताचं आहे.” यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. आम्ही तूर्त असे ठरवले आहे, की त्यांच्या खाचराला लागून असलेली घाणेरीची पट्टी यंदा तशीच राहील, वरच्या अंगाचे गवत कसे धरते ते पाहू, आणि भात कापून झाल्यावर हरणे कुठून उतरली याच्या खुणा दोघे मिळून बघू. त्यांच्या बांधाला निरगुडीचे फाटे लावायला मात्र ते कबूल झाले. फाटे मीच द्यायचे आहेत, आणि ते जूनच्या पहिल्या पावसात लावले तरच जगतात, असे त्यांनी मला दोनदा बजावले.